विकलेली गाय परत आली, ती कोणासाठी?

कुळागरातला (रविवार, सकाळी ७:४०)

धागा काढू की नको असं दोन दिवस चाललं होतं. घरात या विषयावर बोलायची सोय नाही, बाप्पांचे डोळे लगेच भरतात. म्हणून इथे लिहितोय.

आमचं घर गोव्यातल्या साखळीपासून थोडं आत, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला. बाप्पा म्हणजे माझे थोरले काका, वय ७४. एकेकाळी गोठ्यात अकरा गुरं होती, आता दोनच उरलेली: धवी आणि तिची दोन वर्षांची पाडी. धवी नावासारखीच आहे, नाकाडापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यासुद्धा पांढऱ्या. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेच्या कामातून ज्या गावठी गायींची ‘श्वेतकपिला’ म्हणून नोंद झाली, त्यातलीच ती म्हणायला हरकत नाही. दूध दोन लिटर, लाथ मात्र दहा लिटरवालीची.

बाप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मी पणजीला नोकरीला, सकाळी सातची बस. गवत कोण कापणार, शेण कोण काढणार? शेवटी वाळपईच्या पलीकडे एकाला धवी विकली. माणूस ओळखीचा, गुरं नीट ठेवणारा. पाडीचा सौदा जमला नाही, ती राहिली. धवीला टेंपोत चढवताना बाप्पा मागच्या पडवीत जाऊन बसले होते.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला अंगणात खुरांचा आवाज. बघतो तर धवी. गळ्यात तुटलेलं दावं, गुडघ्यापर्यंत चिखल, कानाला जळू. अंतर दहा-बारा किलोमीटर, आणि त्या वाटेनं ती जन्मात कधी चाललेली नाही, टेंपोतून गेलेली.

आता जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. बाप्पा काठी टेकत बाहेर आले, तिला नावानं हाक मारली. तिनं वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या बाजूनं सरळ गोठ्यात गेली, आपल्या खुंट्यापाशी, भिंतीकडे तोंड करून, रोज उभी राहायची तशी उभी राहिली. पाडीनं मान पुढे केली, तिला दोनदा चाटलं. बाप्पा दारात उभे राहून रडत होते.

घरात दोन पक्ष पडलेत. आई म्हणते मायेनं आली. चुलतभाऊ म्हणतो सवयीनं आली, बैलगाडीचा बैल झोपलेल्या गाडीवानाला घरी आणतो तशी. तुम्हाला काय वाटतं? जनावराला माणसासारखी माया असते, की आपलीच आपण त्याच्यावर चढवतो?

मी_मासेखाऊ (सकाळी ८:०५)

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर बाजारातून आल्यावर.

तर्ककर्कश (सकाळी ९:१२)

गोष्ट छान सांगितलीत, पण पाडी घरीच होती हे बेतानं सरकवलंत! गाय स्वतःच्या वासराकडे आली, यात बाप्पांचा संबंध किती? शिवाय गोठा, खुंटा, ठरलेलं पाणी. तीन कारणं डोळ्यांसमोर असताना चौथं कशाला शोधायचं?

मी मडगावला जीवशास्त्र शिकवतो. पहिल्याच तासाला मुलांना लॉइड मॉर्गनचा नियम सांगतो. १८९४ सालचा आहे, अजून मोडीत निघालेला नाही: प्राण्याची कृती साध्या कारणानं समजत असेल तर तिला उच्च बुद्धीचं कारण चिकटवू नका.

कुत्र्याचं उदाहरण घ्या. चप्पल फाडली की तो मान खाली घालतो, कान पाडतो, आपण म्हणतो बघा कसा ओशाळला. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनं २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हे तपासलं. मालक बाहेर गेल्यावर कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. ‘ओशाळलेला’ चेहरा कुत्र्याच्या गुन्ह्यावर अवलंबूनच नव्हता. मालक रागावला की चेहरा पडायचा. ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं ते तर ओरडा खाल्ल्यावर जास्तच पडेल दिसत होते.

म्हणजे आपण चेहरा बरोबर वाचतो आणि अर्थ चुकीचा लावतो. धवीचंही तेच.

शब्दवेडी (सकाळी ९:५०)

तर्ककर्कश, एक गंमत बघा. आपल्याकडे आईच्या मायेला शब्द कोणता? वात्सल्य. तो आला वत्सल वरून, आणि वत्स म्हणजे वासरू. माणसाच्या आईच्या मायेला नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपल्या पूर्वजांनी गोठ्यात पाहिलं. तुम्ही म्हणताय आपण आपली भावना गायीवर चढवतो. भाषेत तर उलटं झालेलं दिसतंय.

तर्ककर्कश (सकाळी १०:०२)

वा, सुंदर. पण व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे. सूर्य ‘उगवतो’ असंही आपण म्हणतो.

शब्दवेडी (सकाळी १०:०४)

तो उगवतोच. तुम्ही मडगावला उशिरा उठता म्हणून दिसत नाही. (हलके घ्या.)

गुरांची डॉक्टरीण (दुपारी २:३०)

मी सरकारी गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तर्ककर्कशांचं कुत्र्याबद्दलचं पटतं. माझीही एक गोष्ट ऐका, लांबेल जरा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पेडण्याच्या बाजूला होते. एका म्हातारीची गाय व्याली आणि तिसऱ्या दिवशी वासरू गेलं. गावठी गाय वासरू समोर नसेल तर सहसा पान्हवत नाही. जर्सीला यंत्र लावलं की दूध येतं, तसं हिचं नसतं. म्हातारीनं जुन्या लोकांचा उपाय केला. वासराचं कातडं काढून घेतलं, मीठ चोळून वाळवलं, आत पेंढा भरला, पायांच्या जागी चार काठ्या. ते वासरू गायीपुढे ठेवायचं. गाय ते चाटायची आणि तोंड मिटून बारीक हुंकार द्यायची. गुरं पाळणाऱ्यांना तो हुंकार माहीत आहे, वासराशी बोलतानाचा. मग पान्हा सोडायची. म्हातारी एका हातानं धार काढायची आणि दुसऱ्या हातानं पेंढ्याचं वासरू हलवायची, म्हणजे ते ढुशी देतंय असं वाटावं.

महिनाभर हे चाललं. पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरली. म्हातारीच्या सुनेनं चांगल्या मनानं ते साबणानं घासून धुतलं आणि चुलीवर धुराला दोन दिवस टांगलं. अगदी स्वच्छ झालं. गायीपुढे ठेवल्यावर गायीनं हुंगलं, नाकातून जोरात फुसकारली आणि मान फिरवली. त्या दिवसापासून दुधाचा थेंब नाही. तीन दिवस ती हंबरत होती, जसं काही वासरू आत्ताच गेलं.

मला बोलावलं ते “गायीक कितें जालां तें पळय” म्हणून. ताप नाही, कास नरम, रवंथ कमी. केसपेपरवर ‘आजार’ या रकान्यात काय लिहायचं ते मला कळेना. मी अपचन लिहिलं. ते अजून खुपतं.

आता शास्त्र. बहुतेक दूध कासेच्या आत बारीक बारीक पिशव्यांत असतं, नुसतं सड पिळून ते उतरत नाही. वासराचा वास, स्पर्श, ढुशी हे मेंदूला कळलं की पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येतं, त्या पिशव्या आवळल्या जातात आणि दूध खाली येतं. पान्हा म्हणतात तो हा. गाय घाबरलेली असेल तर अ‍ॅड्रिनलिन मध्ये येतं आणि पान्हा अडतो, मग आपण म्हणतो गायीनं दूध चोरलं. बाईच्या छातीत हेच ऑक्सिटोसिन हेच काम करतं. बाळंतपणाच्या कळांतही तेच.

२०१५ मध्ये जपानी संशोधकांनी कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघतात तेव्हा काय होतं ते मोजलं. दोघांच्या लघवीत ऑक्सिटोसिन वाढलेलं सापडलं. माणसांनी हातावर वाढवलेल्या लांडग्यांत तसं झालं नाही. म्हणजे कुत्र्यानं आई-बाळाची वाट आपल्यासाठी वापरायला घेतली.

रसायन एक म्हणून अनुभवही एकच, असं मी म्हणणार नाही. पण पलीकडच्या खोलीत बाळ रडलं आणि आईचा पदर ओला झाला, तर आपण ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ म्हणून विषय मिटवत नाही. गायीपाशी आलो की तेवढ्यावर मिटवतो. हा भेद कोणत्या पुराव्यावर, ते मला कोणी सांगावं.

अवांतर: काही गोठ्यांत वासराच्या जागी ऑक्सिटोसिनची सुईच टोचतात. जनावराच्या प्रकृतीला बाधेल असं इंजेक्शन दूध वाढवायला देणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याच्या १२ व्या कलमानुसार गुन्हा आहे. अशा एका गोठ्याबद्दल मी वर कळवलं होतं. माझी बदली झाली, गोठा तिथेच आहे.

पुण्याची पाहुणी (दुपारी ३:१०)

डॉक्टरीणबाई, वाचून गप्प झाले. तो साबणाचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये. तिला तेव्हा कळलं की आधीपासून माहीत होतं?

गुरांची डॉक्टरीण (दुपारी ३:२५)

हाच प्रश्न चाळीस वर्षं माझ्यापाशी आहे. वास होता तोवर तिच्यासाठी वासरू होतं, असं धरून चालते. पण आपणही मेलेल्या माणसाची साडी धुवायला टाकत नाही, हुंगतो. साडी म्हणजे आई नव्हे हे माहीत असतंच ना आपल्याला?

सत्तरीकर (संध्याकाळी ६:१८)

आमच्याकडे या, म्हादईच्या जंगलात. झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते, विष्ठा-चिखलानं तोंड लिंपून फक्त चोचीएवढी फट ठेवते. आठवडेच्या आठवडे नर फळं आणून त्या फटीतून भरवतो. मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो. तो प्रेम करतो का, विचारायला गेलो नाही, पण एवढ्या खेपा मी कुणासाठी घातलेल्या नाहीत. बायको हे वाचत असेल तर सोडून द्यावं.

दुसरी गोष्ट बोलायची नव्हती. जानेवारी २०२० मध्ये आमच्या तालुक्यात गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले. वाघीण आणि तिची पिल्लं. गुरं मारली म्हणून विष घातलं गेलं. पेपरात सगळ्यांनी वाचलं. मला त्यात एकच दिसतं. शिकारीवर आई आणि पिल्लं एकत्र येतात, म्हणून एका विषात चौघं गेली. आणि विष घालणाऱ्याचीही गाय गेली होती, त्याचीही तिच्यावर माया असणार. माणसाची माया अशीच असते, आपल्या दावणीपुरती.

तर्ककर्कश (संध्याकाळी ६:४०)

धनेशाच्या खेपांना मी प्रेम म्हणणार नाही, तशी मेंदूची घडण उत्क्रांतीनं केली आहे.

शब्दवेडी (संध्याकाळी ६:४३)

आणि तुमच्या मेंदूची कोणी केली, नगरपालिकेनं?

सासष्टीचा (रात्री ९:०५)

उशिरा आलो. आमच्या आजोबांकडे धिरयोचा, म्हणजे झुंजीचा रेडा होता, ‘राजा’. उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये धिरयो बंद करायला सांगितलं, त्याच्या आधीची गोष्ट. नंतर बंद झाली का, हे सासष्टीत विचारू नका.

आजोबा राजाला स्वतःच्या हातानं कुळथाचे गोळे भरवायचे, तेल लावायचे, त्याच्याशेजारी खाट टाकून झोपायचे. आणि आयतवारी शेतात नेऊन दुसऱ्या रेड्यापुढे उभा करायचे. पाच-सहा वर्षांचा असताना एकदा मी अगदी पुढे होतो. शिंगाला शिंग भिडलं की टाळी वाजल्यासारखा आवाज येतो. पण मला आठवतो तो त्यानंतरचा क्षण. राजा हरला, वळला आणि धावत सुटला, तो गर्दीतून वाट काढत आजोबांच्या मागे येऊन उभा राहिला. आख्खा रेडा, साठ किलोच्या माणसाच्या मागे. पोट भात्यासारखं हलत होतं. ज्यानं लढायला घातलं त्याच्याच आडोशाला.

मुद्दा असा. राजा घाबरला होता, हे तिथल्या कुणालाही सिद्ध करून सांगावं लागलं नाही. तर्ककर्कशही मानतील. बैल पिसाळला, कुत्रं चिडलं, मांजर घाबरलं, हे आपण बिनधास्त म्हणतो, कोणी पुरावा मागत नाही. भीती आणि राग जनावराला फुकट मिळतो, प्रेम म्हटलं की दाखला आणा. असं का?

गुरांची डॉक्टरीण (रात्री ९:३०)

सासष्टीचा, शंभर टक्के. याक पॅंकसेप नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी आयुष्यभर हेच सांगितलं. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत खोलवर भावनांच्या सात यंत्रणा त्यांनी मांडल्या. भीती आणि राग आहेतच, पण पिल्लाची काळजी, ताटातुटीचं दुःख आणि खेळ हेही तिथेच. उंदरांना गुदगुल्या केल्या की ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात, आपल्याला ऐकू येत नाही (आपला कान २० ला थकतो). यंत्र लावून ऐकलं. गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे उंदीर पळायचे, अजून कर म्हणून.

मी_मासेखाऊ (रात्री ९:४४)

बाजारातून कधीच आलो होतो, वाचत बसलो. बांगडे साफ करायचे राहिले. आता त्या बांगड्यांकडे बघवेना. धाग्याचा निषेध.

पुण्याची पाहुणी (रात्री १०:१५)

त्या ऑर्का माशिणीचं कोणी लिहिलंच नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यालगत एका मादीचं पिल्लू जन्मल्यावर अर्ध्या तासात गेलं. तिनं ते १७ दिवस डोक्यावर तोलून नेलं, साधारण सोळाशे किलोमीटर. पिल्लू घसरायचं, ती बुडी मारून पुन्हा वर आणायची. पुढे २०२४ च्या शेवटी झालेलं तिचं आणखी एक पिल्लू वारलं, तेव्हा पुन्हा तेच.

तर्ककर्कश (सोमवार, सकाळी ६:५५)

मासा नव्हे, सस्तन प्राणी. माशीण तर नव्हेच. पण बाकी बरोबर.

रात्री झोप नीट लागली नाही, कबूल करतो. सासष्टीचा यांचा प्रश्न रास्त आहे. मॉर्गनचा नियम आपण प्रेमाला लावतो आणि भीतीला लावत नाही, हे मी वीस वर्षं वर्गात शिकवताना पाहिलं नव्हतं. २०११ चा एक प्रयोग मी मुलांना सांगतो, तो काल मुद्दाम लपवला. नळीत अडकवलेल्या सोबत्याला दुसरा उंदीर दार उघडून सोडवतो. शेजारच्या नळीत चॉकलेट ठेवलं तर दोन्ही उघडतो आणि बऱ्याचदा चॉकलेट वाटून खातो. माझ्या बाजूचा नव्हता म्हणून लपवला.

तरी ‘माणसासारखी’ या शब्दावर मी अडून आहे. बाप्पा धवीला विकून आठ दिवस जेवले नसतील, कारण पुढे काय होईल ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. धवीच्या डोळ्यांसमोर ‘पुढे’ असतं का, याचा पुरावा मला दिसत नाही. तिची माया आत्ताची असेल. कमी असेल असं नाही, वेगळी असेल.

आणि कुळागरातला, तुमचा प्रश्न सुटू शकतो. सोपा प्रयोग आहे. पाडीला घरीच बांधा. धवीला गोठ्यापासून लांब, घर दिसणार नाही अशा माळावर न्या. एका बाजूला पन्नास पावलांवर बाप्पा, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर अनोळखी माणूस. दोघांचे हात रिकामे, गवत नाही, मीठ नाही, हाक नाही. सोडून द्या आणि बघा कुठे जाते. पाच दिवस, जागा बदलून. चेहरे ओळखता येत नाहीत ही सबब चालणार नाही, मेंढ्यासुद्धा पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षं लक्षात ठेवतात, हे २००१ मध्ये केंब्रिजजवळच्या संस्थेत दाखवलं आहे.

गुरांची डॉक्टरीण (सकाळी ७:२०)

प्रयोग चांगला आहे. माझी पुस्ती: बाप्पांना तिच्या गळ्याखालची पोळी (लोंबती कातडी) खाजवू दे. गायी एकमेकींना तिथेच चाटतात. मान लांब करून डोळे अर्धे मिटले, कान सैल पडले, तर तेही लिहून ठेवा. आणि पहाटे वळून पाहिलं नाही याचा राग धरू नका. चार दिवसांची भुकेली, दमलेली गाय आधी आपली जागा बघते. मुलं शाळेतून येतात तेव्हा आईकडे बघतात का? दप्तर फेकतात.

कुळागरातला (सोमवार, रात्री ८:५०)

सगळ्यांना धन्यवाद. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, ती उठून गोठ्यात गेली.

आजची हकीकत. सकाळी वाळपईचा माणूस मोटरसायकलवरून आला. रागावला नव्हता. म्हणाला, दोन दिवस तिनं पाणी पिलं, चारा तोंडात घेऊन तसाच सोडला, तिसऱ्या रात्री दावं तोडलं. पैसे परत द्यायची तयारी आम्ही दाखवली. तो म्हणाला, चतुर्थीपर्यंत राहू दे तुमच्याकडेच, मग बघू. तोवर गवत कापायला त्याचा पुतण्या आठवड्यातून तीनदा येईल, मजुरी आम्ही द्यायची. ऑपरेशनची तारीख तीच आहे.

संध्याकाळी मी गोठ्यात गेलो तेव्हा बाप्पा स्टुलावर बसून धवीच्या गळ्याखाली खाजवत होते. तिनं मान लांब केली होती, हे खरं. डोळे मिटले होते की नाही ते अंधारात दिसलं नाही, म्हणून लिहीत नाही.

तिथेच त्यांना तर्ककर्कशांचा प्रयोग समजावून सांगितला. माळ, पन्नास पावलं, रिकामे हात, सगळं. सुरुवातीला हसले. कुठला माळ घ्यायचा तेही विचारलं. मग खाजवायचे थांबले. धवीनं नाकाडानं त्यांचा हात वर ढकलला, त्यांचं लक्ष नव्हतं.

“आनी ती म्हजेकडेन आयली ना जाल्यार?” म्हणाले.

प्रयोग होणार नाही.